रोज फिरणारा हात

रात्रीची जेवणं उरकली की गंगावेशीतला दूध कट्टा भरू लागतो. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, पुढ्यात वैरण असते आणि गिऱ्हाईक ग्लास हातात धरून धार निघायची वाट बघत असतं. पायी फिरत यायचं, डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध उभ्या-उभ्या प्यायचं आणि गप्पा मारत घरी जायचं, ही कोल्हापूरच्या पेठांची जुनी रीत. सगळ्यांचं लक्ष दुधाच्या फेसाकडे असतं. या वेळी मी गवळ्याच्या हाताकडे बघत उभा राहिलो.

धारेला बसण्याआधी तो हात म्हशीच्या पाठीवरून मांडीपर्यंत फिरतो. मग कासेवर पाणी, कास पुसणं, चारही सड एकेक करून चाचपणं. पहिली धार भांड्यात जात नाही, ती बाजूला सोडतात. एवढ्या वेळात गवळ्याला बरंच काही कळलेलं असतं. कास एका अंगाला गरम लागली, सड दाबताना म्हशीनं पाय झाडला, पहिल्या धारेत गुठळी दिसली, की कासदाह सुरू होतोय हे तो ओळखतो. मानेखालची गोचीड बोटांना लागते. रवंथ थांबलेली दिसते, शेण पातळ पडलेलं दिसतं, वैरण तशीच राहिलेली दिसते. आजार अंगात मुरण्याआधी त्याची खूण हाताला आणि डोळ्याला सापडते, कारण तो हात दिवसातून दोनदा त्याच अंगावरून फिरतो.

संपादकांनी या अंकासाठी ‘घरातले प्राणी’ हा विषय दिला. ते निरोगी कसे राहतात, घरोघरी त्यासाठी काय केलं जातं, ते बघून लिहा, असं सांगितलं. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याआधी मी म्हशीकडे गेलो, कारण जनावर निरोगी कसं ठेवायचं हे या गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. ते शहाणपण गोठ्यातून फ्लॅटपर्यंत पोचलं का, हे मला बघायचं होतं.

कुत्र्याची धार काढत नाहीत

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी या भागांत सकाळी फिरलं, तर साखळीला बांधलेले लॅब्रेडॉर, पग, शित्झू भेटतात. पेठांतल्या जुन्या घरांत दारात गावठी कुत्रं असतं. तालुक्याकडे गेलं की लांब पायांचं, खपाटीला गेलेल्या पोटाचं कारवानी दिसतं. फ्लॅटमध्ये पर्शियन मांजरंही आता पुष्कळ आहेत. मायेला कुठेही कमी नाही. वाढदिवसाला केक आहे, थंडीला स्वेटर आहे. पण प्राण्याला शेवटचं कधी नीट चाचपून बघितलं, असं विचारलं की बहुतेक जण थांबतात. कुरवाळणं रोज असतं. तपासणं होतं ते आजारी पडल्यावर.

म्हशीच्या बाबतीत धार काढायची असते म्हणून तपासणी आपोआप होते. कुत्र्यामांजराच्या बाबतीत तसं काहीच भाग पाडत नाही. म्हणून ती वेळ आपणच ठरवून घ्यावी लागते. फिरून आल्यावर किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी पाच मिनिटं पुरतात.

सुरुवात तोंडापासून करावी. ओठ वर उचलून हिरडी बघायची. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटानं दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. ती फिकी, पिवळी किंवा निळसर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दातांच्या मुळाशी पिवळा-तपकिरी थर, तोंडाला घाण वास, म्हणजे हिरड्यांचा आजार. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्यामांजरांत त्याची सुरुवात झालेली असते. त्यांच्यासाठीची वेगळी पेस्ट आणि मऊ ब्रश मिळतो. माणसाची पेस्ट वापरू नये, ती प्राणी गिळतात.

मग कान. आतून वास येतो का, काळपट मळ आहे का, प्राणी सारखं डोकं झटकतो का. लोंबत्या कानांच्या जातींत पावसाळ्यात हे फार होतं. मग मान, काखा, पायाच्या बोटांमधल्या खाचा आणि शेपटीचं मूळ. गोचिडीच्या आवडत्या जागा याच. शेवटी बरगड्या. हलकेच हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येता कामा नयेत. बोटं दाबूनही बरगडी सापडत नसेल तर लाड चरबीत जमा होत आहेत आणि त्याचा भार पुढे सांध्यांवर पडणार आहे.

घरात एक साधा थर्मामीटर प्राण्यासाठी वेगळा ठेवावा आणि तो गुदद्वारातून कसा लावायचा हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबानं हा ताप. म्हणून अंगाला हात लावून ‘गरम लागतंय’ म्हणत घरातली तापाची गोळी देणारे लोक असतात. ते धोक्याचं आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाची वेदनाशामकं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड निकामी करतात. कपाटातल्या कुठल्याही गोळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

घटसर्पाची लस आणि दारातलं कुत्रं

‘गोकुळ’ दूध संघाची स्थापना १९६३ सालची. गावोगावच्या दूध संस्थांमुळे या जिल्ह्यात दुभत्या जनावरामागे एक व्यवस्था उभी राहिली. पशुवैद्य गोठ्यापर्यंत येतो. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, ठरल्या वेळी लाळ-खुरकुताची लस, हे शेतकऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. २०२२ साली लम्पी त्वचारोग आला तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याची मोहीम राज्यभर झाली. लस ही आजाराआधी द्यायची गोष्ट आहे, हे इथल्या गोठ्याला कुणी नव्यानं समजावून सांगावं लागत नाही.

त्याच गोठ्याच्या दारात राखणीला बसलेल्या कुत्र्याचं लसीचं कार्ड मात्र पुष्कळदा नसतं. ते दूध देत नाही, त्यामुळे त्याच्यामागे संस्था नाही. त्याची आठवण घरातल्या माणसांनीच ठेवायची.

शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यांत बाकावर बसलं की कळतं, तिथे सगळ्यात जास्त रडू येतं ते पिल्लांच्या पार्व्होनं. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू उलट्या करतं, रक्ताचे जुलाब करतं, अंगातलं पाणी जाऊन काही दिवसांत मरतं. हा विषाणू जगात १९७८ च्या सुमारास पसरला. तो फार चिवट. अंगणातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो, साबणाला दाद देत नाही. एक पिल्लू गेलं म्हणून दुःखात दुसरं आणायचं आणि तेही त्याच जागेत त्याच रोगानं जायचं, असं घडतं ते यामुळे. त्या घरात पातळ केलेल्या ब्लीचनं फरशी, भांडी, बिछान्याची जागा धुवावी लागते. ब्लीच न सोसणाऱ्या वस्तू टाकून द्याव्या लागतात. नवं पिल्लू लसीचे डोस पूर्ण झाल्यावरच आणायचं.

पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. इतक्यांदा का, हा प्रश्न बाकावरचा प्रत्येक जण विचारतो. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण पिल्लाच्या अंगात असतं तोवर ते लसीलाही काम करू देत नाही. ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून ओळीनं डोस देत जायचं, म्हणजे संरक्षण ओसरल्यावर उघडी खिडकी उरत नाही. एक डोस देऊन ‘लस झाली’ म्हणणं इथेच महागात पडतं. सगळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडू नये. कडेवर घेऊन गाव दाखवायला हरकत नाही.

जंतांचंही तसंच. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लाकडे येतात, म्हणून औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं. पिल्लू मोठं झाल्यावर दर तीन महिन्यांनी एकदा, वजनाच्या हिशेबानं. या जंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. अंगणात पडलेली घाण रोज उचलणं आणि मुलांना हात धुवायला लावणं हा त्याच काळजीचा भाग.

चौदा इंजेक्शनांची आठवण

पेठेत कुत्रं चावण्याचा विषय काढला की साठी ओलांडलेली माणसं पोटात घेतलेल्या चौदा इंजेक्शनांबद्दल सांगतात. ती जुनी लस प्राण्यांच्या मेंदूच्या पेशींपासून करत. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आता दंडात किंवा त्वचेत घ्यायचे मोजके डोस असतात. ती वेदना गेली, पण त्या वेदनेनं रुजवलेली भीती अजून काहींना दवाखान्यापासून दूर ठेवते. घाव छोटा आहे, कुत्रं घरचंच आहे, असं म्हणत हळद किंवा चुना लावून बसतात.

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, असंच समजायचं. म्हणून चाव्यानंतर पहिलं काम नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुणं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. त्यानंतर लगेच शहरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. डोसांच्या तारखा चुकवायच्या नाहीत.

माणसांत रेबीज येतो तो जवळजवळ सगळा कुत्र्यांमधून. कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस आणि मग दरवर्षी एक. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही ती हवी, कारण गॅलरीतून बाहेरचं मांजर आत येऊ शकतं. ही लस प्राण्याइतकीच घरातल्या, शेजारच्या आणि गल्लीतल्या मुलांची राखण करते. गल्लीतल्या ज्या कुत्र्यांना आपण रोज भाकरी घालतो, त्यांची नसबंदी आणि लस करून घेणं ही भाकरी घालणाऱ्यांची आणि महापालिकेची मिळून जबाबदारी आहे.

गोचीड भिंतीत राहते

पाऊस ओसरला की दवाखान्यांत तापानं मलूल झालेली कुत्री येऊ लागतात. खाणं सुटलेलं, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, कधी नाकातून रक्त, कधी लघवी गडद. गोचिडीतून शिरलेले एर्लिकिया किंवा बबेसियासारखे जंतू रक्तपेशींवर उठलेले असतात. वेळेत रक्त तपासलं तर उपचार आहेत. आठवडा घालवला तर मात्र अवघड होतं.

मालकांची तक्रार एकच असते, की औषध लावलं तरी गोचीड पुन्हा येते. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीचं बरंचसं आयुष्य कुत्र्याच्या अंगाबाहेर जातं. रक्त पिऊन ती खाली पडते, भिंतीच्या फटीत, उंबऱ्याखाली, पायऱ्यांच्या सांध्यांत जाते. मादी हजारांवर अंडी घालते. गोचीड उपाशीपोटी महिनोन् महिने टिकते. जुन्या दगडी वाड्यांत आणि मातीच्या भिंतींत तिला जागाच जागा. त्यामुळे अंगावरचं औषध आणि घराची सफाई एकाच वेळी करावी लागते. फटी बुजवणं, बिछाना कडक उन्हात घालणं, कुत्र्याच्या बसण्याच्या जागेभोवती डॉक्टरांनी सांगितलेली फवारणी, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा.

गोठा आणि घर शेजारी असलं की म्हशीवर मारायचं गोचीड-औषध कुत्र्यालाही चोपडतात. मात्रा चुकली की कुत्र्याला झटके येतात. कुत्र्यांसाठीची काही औषधं, विशेषतः परमेथ्रिन असलेली, मांजराला जीवघेणी ठरतात. ज्या घरात दोन्ही आहेत तिथे बाटलीवर कुठल्या प्राण्याचं चित्र आहे ते आधी बघावं. अंगाला चिकटलेली गोचीड रॉकेल टाकून काढू नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये.

रस्सा आणि फराळ

कोल्हापुरात रविवारी मटण असतं, आणि ते संपल्यावर ताटातली हाडं, रश्शात कुस्करलेली भाकरी कुत्र्यापुढे जाते. देणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण तांबड्या रश्शात आणि पांढऱ्यातही कांदा-लसूण असतो, आणि त्यातले घटक कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजर तर फारच हळवं. शिजलेलं हाड चावताना अणकुचीदार तुकड्यांत फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. रस्सा होण्याआधी बाजूला काढून नुसतं उकडलेलं, हाड काढलेलं मांस द्यावं. बाकी ताट माणसांचं.

दूध-चपाती हे दुसरं सवयीचं खाणं. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आणि नुसत्या चपातीतून त्यांना लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. उकडलेलं अंडं, चिकन, थोडा भात, शिजवलेला भोपळा किंवा गाजर यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घेतलं, तर घरचं खाणंही चांगलं असतं. मांजराचं गणित वेगळं. त्याला लागणारं टॉरिन मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. मांजराला शाकाहारी करू नये आणि कुत्र्याच्या खाद्यावरही ठेवू नये.

दिवाळीत धोका हाताच्या उंचीवर येतो. चिवड्यातले आणि लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि शेजारच्या सांगलीमुळे आपल्याकडे बेदाण्याला काही कमी नसतं. पाहुण्यांनी आणलेली चॉकलेटं, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ, हे सगळं टीपॉयवरून उचलून ठेवावं. फटाक्यांचा त्रास तर ऐकण्याच्या ताकदीतूनच येतो. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत पोचतो, कुत्र्याचा सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. संध्याकाळ व्हायच्या आधी फिरवून आणावं, आतल्या खोलीत खिडक्या लावून पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, गळ्यात फोन नंबरची पट्टी असावी. दरवर्षी फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांकडून औषध आठवडाभर आधी विचारून ठेवावं.

३९ फुटांवर काय करायचं

पावसाळ्यात कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघूनच दिवस ठरवतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या आकड्यांना फार मागे टाकलं. प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं पाणी वाढू लागलं की जनावरं घेऊन सोनतळीकडे निघतात. दावणीची जनावरं आधी हलवायची, ही त्यांना लागलेली शिस्त आहे.

शहरातल्या पूरपट्ट्यात कुत्र्यामांजराचा विचार शेवटच्या क्षणी होतो. साखळीला बांधलेलं कुत्रं पाण्यात राहतं, मांजर माळ्यावर दडून सापडत नाही. पाणी ३९ फुटांवर गेलं की पिंजरा किंवा पिशवी, साखळी, चार दिवसांचं खाणं, औषधं आणि लसीकरणाचं कार्ड दाराशी ठेवावं. कोणाकडे प्राण्याला नेता येईल हे जूनमध्येच विचारून ठेवावं.

पाणी ओसरल्यावरचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या लघवीतून हे जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात येतात. पायाच्या भेगेतून, डोळ्या-तोंडातून कुत्र्याच्या अंगात शिरतात. ताप, उलट्या, कावीळ, मूत्रपिंडं निकामी होणं, आणि कुत्र्याच्या लघवीतून तोच रोग घरातल्या माणसांनाही. कुत्र्यांसाठी याची लस आहे आणि ती दरवर्षी द्यावी लागते. घटसर्पाची लस जिथे पावसाळ्याआधी चुकत नाही, त्या जिल्ह्यात ही लसही त्याच आठवड्यात घ्यायची सवय सहज लागू शकते.

माणसाचा वेळ

प्राण्यांची हौस या गावानं मोठ्या मनानं केली. इथे हत्तींशी खेळायची साठमारी होती, हत्ती होते, संस्थानकाळात हरणांच्या शिकारीसाठी माणसाळवलेले चित्ते होते. त्या प्रत्येक जनावरामागे माहूत होता, चित्तेवान होता, म्हणजे सगळा दिवस त्या एका जनावरासाठी देणारा माणूस होता. हौशीचा भार तो माणूस उचलत असे.

२०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-केंद्रात गेली, तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर आली, रडली. त्या मायेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण न्यायालयासमोर प्रश्न होता तो तिच्या पायांचा, नखांचा, प्रकृतीचा. त्या वादाचे पदर अनेक आहेत. त्यातून एक गोष्ट मात्र प्रत्येक घरानं घ्यावी. जनावराच्या बाजूनं बघितलं, तर माया पोचते ती पायाखालच्या जागेतून, कापलेल्या नखातून, वेळेवर मिळालेल्या पाण्यातून.

आज फ्लॅटमध्ये माहूत नाही. दोघंही नोकरीला, मुलं शाळेत. म्हणून प्राणी आणण्याआधी जात किंवा किंमत ठरवण्यापेक्षा घरात सकाळचा अर्धा तास कोणाचा, संध्याकाळची पाच मिनिटं कोणाची, हे ठरवावं. थंड प्रदेशातली दाट केसांची जात आणून एप्रिलच्या उन्हात तिला गॅलरीत ठेवणं टाळावं. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्यावी. मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार त्यानं टळतो.

तालमींनी उचलावं असं काम

दिवाळी पाडव्याला कसबा बावड्यात, पंचगंगेच्या घाटावर गवळी आपल्या म्हशी सजवून आणतात. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, घुंगरं, आणि मालकाच्या हाकेसरशी मागे धावत येणारी म्हैस. बघणारे सजावटीला दाद देतात. जाणकार तुकतुकीत कातडी, भरलेलं अंग आणि हाकेला दिलेला प्रतिसाद बघतात. वर्षभर जनावराची ठेव कशी होती ते त्यावरून कळतं. पाडवा हा त्या कामाचा निकाल असतो.

कुत्र्यामांजरांसाठीही असा एक दिवस या शहराला ठरवता येईल. पेठापेठांत तालमी आहेत, मंडळं आहेत, त्यांच्याकडे माणूसबळ आहे आणि गल्लीतली प्रत्येक चौकट त्यांना ठाऊक आहे. दरवर्षी मेमध्ये, पावसाआधी, प्रत्येक तालमीनं एक सकाळ द्यावी. पशुसंवर्धन खातं, महापालिका आणि शहरातले पशुवैद्य यांना बोलवावं. गल्लीतल्या पाळीव प्राण्यांना रेबीज आणि लेप्टोची लस, गल्लीतल्या कुत्र्यांची नोंद, जंतांचं औषध, आणि नव्या मालकांना हिरडी कशी बघायची, गोचीड कशी काढायची याचं प्रात्यक्षिक. ते दाखवायला एखाद्या म्हाताऱ्या गवळ्यालाही बोलवावं. त्याच्या हाताला जे कळतं ते पुस्तकात सगळं लिहिलेलं नाही.

या सगळ्याला पैसा फार लागत नाही. लसीचा खर्च पार्व्होच्या किंवा गोचीड-तापाच्या उपचारांपुढे किरकोळ आहे. लागते ती ठरलेली तारीख आणि ती पाळणारी माणसं. लाळ-खुरकुताची तारीख गावागावात पाळून दाखवलेल्या जिल्ह्याला हे जमणार नाही, असं मानायला मी तयार नाही. वाचकानं तालमीची वाट न बघता आजच एक वही करावी. पहिल्या पानावर प्राण्याचं नाव, वजन, झालेल्या लसींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा, त्याखाली पुढच्या तारखा. आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटं, हिरडीपासून शेपटीपर्यंत.